सुटे भाग बदललेला बेस विकताना: आधी काय काढायचं, काय ठेवायचं

प्रश्न असा आहे: चार तारांचा, मधल्या किमतीचा बेस गिटार ९ वर्षांपूर्वी नवा घेतला. त्यात पी-जे पिकअप होते, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे दोन पिकअप, एक फेंडर कंपनीच्या प्रिसिजन (पी) बेसच्या पद्धतीचा आणि एक जॅझ (जे) बेसच्या. पुढे त्यात दोन्ही पिकअप नवे, ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीॲम्प (आवाज आतच वाढवणारं सर्किट), जड ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा भाग), हलके ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) आणि हाडाचा नट (मानेच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) बसवला. या सगळ्यावरचा खर्च बेसच्या मूळ किमतीएवढा झाला. आता तो विकायचा आहे. खर्च धरून किंमत किती लावावी, भाग काढून वेगळे विकावेत का, आणि विकताना काय सांभाळावं?

मी बेसची दुरुस्ती आणि सेटअप करतो. गिऱ्हाइकांचे जुने बेस विकूनही देतो, त्यामुळे हा प्रश्न वर्षातून अनेकदा माझ्या टेबलावर येतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. भागांवर घातलेला पैसा बेसच्या किमतीतून वसूल होत नाही. मूळ भाग जपून ठेवले असतील तर ते परत बसवा, बेस मूळ रूपात विका आणि चांगले भाग सुटे विका. याला अपवाद आहेत, आणि तुमचा बेस कदाचित त्यातलाच असेल. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी पुढचं सगळं वाचा.

वसूल का होत नाही, हे नीट समजलं की पुढचे निर्णय सोपे जातात. जुना बेस घेणारा माणूस मॉडेलच्या नावाने शोधतो. त्याला तेच मॉडेल चार-पाच ठिकाणी दिसतं आणि त्यावरून एक आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसतो. तुमचा बेस त्या आकड्याशी ताडला जातो, तुमच्या बिलांशी कोणी ताडत नाही. शिवाय तुम्ही जे बदललं ते तुमच्या कानाला हवं होतं म्हणून. तुमच्या बँडमध्ये दोन गिटारवादक असतील, त्यांच्यातून बाहेर पडायला तुम्ही क्वार्टर पाउंडसारखा दणदणीत पिकअप घातला असेल. घेणाऱ्याला मात्र फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्यांच्या, गुळगुळीत) तारा लावून तो जुना, गोल, दबका पी-बेसचा आवाज हवा असतो. त्याच्या लेखी तुमचा महागडा पिकअप म्हणजे काढून टाकायचं एक काम.

आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे: शंका. भाग बदललाय म्हणजे आत कोणीतरी हात घातलाय. तो हात कोणाचा होता, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. ही शंका रास्त असते. एकदा माझ्याकडे एक बेस आला, बाहेरून अगदी देखणा, नवा जड ब्रिज बसवलेला. ॲम्पला लावला की गुणगुण सुरू. तारांना हात लावला तरी ती कमी होत नव्हती, पण जॅकच्या धातूच्या पट्टीला बोट टेकवलं की थांबत होती. तेव्हाच कळलं. ब्रिज उचलून पाहिला तर खाली लाकडातल्या छिद्रातून येणारी ग्राउंडची बारीक तार आत सरकून गेली होती. ब्रिज बदलताना ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती. पाच मिनिटांचं काम होतं. पण त्या गुणगुणीपायी तीन माणसं बेस वाजवून, नाक मुरडून निघून गेली होती. तुमच्याकडे ब्रिज बदललेला आहे, तेव्हा ही परीक्षा आजच करा: तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायला हवी.

आता बदलांची वर्गवारी. मी एकच प्रश्न विचारतो: हा बदल मागे फिरवला तर लाकडावर खूण राहते का?

पिकअप बहुतेक वेळा खूण न ठेवता निघतात. पी आणि जे आकाराचे पिकअप इतकी वर्षं त्याच मापात बनत आले आहेत की बदली पिकअप सहसा मूळ खोबणीत बसतो. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ चा, त्याचा दुभंगलेला पिकअप १९५७ चा आणि जॅझ बेस १९६० चा, आणि अजून जग त्याच मापांभोवती फिरतंय. पण कोणी तिथे हंबकर (दुहेरी गुंडाळीचा, मोठा पिकअप) बसवायला लाकूड कोरलं असेल तर तो बदल कायमचा झाला.

ब्रिजचंही तसंच. फेंडर पद्धतीचा ब्रिज एका ओळीतल्या पाच स्क्रूंवर बसतो आणि गोटो २०१ सारखा ब्रिज त्याच पाच छिद्रांत बसतो. तो काढून जुना लावला की कोणाला पत्ता लागत नाही. नवी छिद्रं पाडली असतील तर मात्र ती जुन्या ब्रिजखाली झाकली जातात की उघडी पडतात, ते आधी पाहा. ट्यूनरच्या बाबतीत डोक्याची मागची बाजू बघा. नव्या ट्यूनरचे स्क्रू वेगळ्या जागी असतील तर जुने लावल्यावर बारीक छिद्रं दिसणारच. खुंटीचं मुख्य भोक मोठं केलेलं असेल तर जुना ट्यूनर त्यात सैल बसेल. मग तो काढायच्या भानगडीत पडू नका.

तुमच्या यादीत मला खरी काळजी प्रीॲम्पची वाटते. पी पद्धतीच्या बेसमध्ये पिकगार्डखाली (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) जागा मुळातच कमी, आणि ९ व्होल्टची बॅटरी काही लहान नसते. ती कुठे बसवलीय? पिकगार्डखाली फोममध्ये गुंडाळून कोंबली असेल तर उत्तम, सगळं मागे फिरवता येईल. पण मागच्या बाजूला लाकूड कोरून झाकणाची डबी बसवली असेल तर तो बेस यापुढे कायम ‘बदललेला’ राहणार. अशा वेळी प्रीॲम्प काढून मागे रिकामी डबी ठेवली तर घेणारा हमखास विचारतो, ‘इथे काय होतं, आणि का काढलं?’ त्यापेक्षा प्रीॲम्प आहे तिथेच राहू द्या.

हाडाचा नट, घासून सपाट केलेले फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), आतल्या खोबणीला लावलेलं, गुणगुण अडवणारं तांब्याचं शील्डिंग या गोष्टींना हात लावू नका. त्या सुट्या विकल्या जात नाहीत आणि काढल्या तर बेस बिघडतो. त्यांचा पैसा गेला असं धरा. पण त्यांच्यामुळेच बेस हातात घेतल्यावर चांगला लागतो आणि लवकर विकला जातो.

हिशेब करून दाखवतो. हा माझ्या कामातला ठोकताळा आहे, बाजारभावाचा तक्ता नव्हे. समजा तुमचं मॉडेल जुन्या बाजारात, न बदललेलं आणि चांगल्या अवस्थेतलं, १०० ला जातं आणि नवं १५० ला मिळतं. तुम्ही भागांवर आणखी १५० घातले. त्यातले ३० मजुरी, नट आणि शील्डिंगचे, ते विसरा. उरलेल्या १२० च्या भागांना सुटं विकून निम्मे मिळाले तर ६० झाले. म्हणजे मूळ रूपातला बेस १०० आणि भाग ६०, एकूण १६०. तोच बेस आहे तसा सगळ्यासकट विकला तर मी ११५, फार तर १२० मिळताना पाहिलेत, तेही थांबायची तयारी असेल तर. फरक ४० चा. त्यासाठी तुमची एक दुपार सोल्डरिंगमध्ये जाईल आणि चार वेगळ्या माणसांशी व्यवहार करावा लागेल. तो त्रास तुम्हाला परवडतो का, हे तुम्हीच ठरवा. घाईने पैसे हवे असतील तर आहे तसा विकणंही चुकीचं नाही, फक्त ११५ वर समाधान मानायची तयारी ठेवा.

सुट्या भागांतही सगळे सारखे जात नाहीत. नावाजलेले पिकअप सगळ्यात लवकर जातात, कारण घेणाऱ्याला आवाज आधीच माहीत असतो. ब्रिज आणि ट्यूनरला गिऱ्हाईक मिळतं, पण स्क्रू आणि बुशिंग सगळे सोबत असतील तरच. प्रीॲम्प रेंगाळतो. त्याची मूळ वायरिंगची आकृती आणि सगळे नॉब असतील तर बरं, नाहीतर लोक हात लावत नाहीत.

भाग काढू नयेत असे प्रसंग मला चार दिसतात. मूळ भाग हरवले असतील. लाकूड कोरलं गेलं असेल. मूळ भागच इतक्या हलक्या दर्जाचा असेल की तो परत बसवल्यावर बेस वाजवण्यालायक राहणार नाही. किंवा बॉडीचं लाकूड मऊ असेल आणि स्क्रूची छिद्रं आधीच ढिली झाली असतील. बासवुडच्या बॉडीत तेच स्क्रू चौथ्यांदा पिळले की आटे जातात. गेलेच तर छिद्रात लाकडी गोंद लावून टूथपिकचे तुकडे भरा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू हाताने बसवा. ही दुरुस्ती टिकाऊ आहे, पण सगळी छिद्रं अशी भरायची वेळ येण्याआधी थांबलेलं बरं.

जुन्या, संग्राह्य बेसची गोष्ट पूर्ण निराळी आहे. तुमचा ९ वर्षांचा आहे म्हणून ती तुम्हाला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी मामाचा किंवा काकांचा जुना बेस असेल तर थोडं थांबून वाचा. फेंडर कंपनी १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकी कंपनीकडे गेली आणि त्याआधीच्या बेसना संग्राहक वेगळ्याच भावाने घेतात. तिथे न छेडलेल्या सोल्डरलाही किंमत असते. पुन्हा रंग दिलेला बेस लोक सरळ निम्म्या किमतीचा धरतात. असा बेस उघडून ‘स्वच्छ’ करू नका. पॉटच्या (नॉबखालच्या, आवाज किंवा टोन कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) मागे सात आकडे कोरलेले असतील आणि त्यांची सुरुवात १३७ ने होत असेल तर तो सीटीएस कंपनीचा पॉट आहे. पुढचे दोन आकडे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६६३२ म्हणजे १९६६ चा ३२ वा आठवडा. पॉट त्या तारखेचा आहे म्हणजे बेस त्याआधीचा नाही, निदान त्या पॉटसकट तरी नाही, एवढंच त्यावरून ठरतं. फोटो काढा, परत बंद करा आणि जाणकाराला दाखवा.

आता तुमच्या बेसकडे. काढायचं ठरलं तर टेबलावर जाड टॉवेल पसरा आणि मानेखाली आधार द्या. तारा एकदम कापू नका. चारही तारा मिळून मानेवर साधारण ७० ते ८० किलोचा ताण असतो, तो खुंट्या फिरवून सावकाश उतरवा. बॅटरी काढा. पिकगार्डचे स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर टोचून ठेवा. सगळे सारखे दिसतात, पण एखादा कमी लांबीचा असतो आणि तो चुकीच्या छिद्रात गेला की त्याची पकड राहत नाही. पिकगार्ड उलटा करण्याआधी आणि नंतर फोटो घ्या, प्रत्येक सांध्याचा जवळून एक. काळी तार कुठल्या पॉटच्या पाठीवर आहे, पांढरी कुठल्या पायावर आहे, हे संध्याकाळपर्यंत लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही.

सोल्डरिंग आयर्न साधारण ३५० अंश सेल्सिअसवर ठेवा. टोकावर थोडं ताजं सोल्डर घेऊन सांध्याला टेकवा. जुना करडा थेंब क्षणभर तसाच बसून राहतो, मग एकदम चकाकतो आणि पाण्यासारखा हलतो. त्या क्षणी तार चिमट्याने अलगद उचला, ओढू नका. पॉटच्या पाठीवर जास्त वेळ उष्णता दिली तर आतला कार्बनचा पट्टा जातो आणि मग तो पॉट कायमचा खरखरतो. पिकअपची तार कधीही कापू नका. सोल्डरपाशीच सोडवा. आखूड तारेचा पिकअप घेणाऱ्याला जोड द्यावा लागतो आणि तो तेवढे पैसे कमी करून मागतो.

निघालेला पिकअप मल्टिमीटरवर मोजा आणि आकडा दिसेल असा फोटो काढा. साधा, बॅटरीविना चालणारा पी पिकअप बहुधा १० किलो-ओहमच्या आसपास दाखवतो, जे पिकअप ७ ते ८ च्या. जास्त वेढ्यांचे पिकअप याहून वर जातात, त्यात वावगं काही नाही. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. तसा पिकअप ‘चालू’ म्हणून विकू नका. ईएमजी कंपनीच्या पिकअपसारख्या ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपना हे माप लागू पडत नाही, ते बॅटरीवर वाजवूनच दाखवावे लागतात.

मूळ भाग इतकी वर्षं डब्यात पडून असतील तर पॉट खरखरणारच. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या फटीतून मारा आणि नॉब २०-२५ वेळा पूर्ण इकडून तिकडे फिरवा. केबल खोचायच्या जॅकचे पत्रे ढिले झाले असतील तर केबल हलवल्यावर आवाज तुटतो. पत्रा किंचित आत वाकवला की तो परत घट्ट धरतो.

मग सेटअप. इथे मी कोणालाही चालढकल करू देत नाही, कारण बेस विकतो तो हातात घेतल्याच्या पहिल्या मिनिटात. नव्या तारा लावा, ४५ ते १०५ (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली जाडी) चा साधा राउंडवाउंड, म्हणजे गोल वेढ्यांचा संच, आणि दाखवण्याच्या दोन-तीन दिवस आधी लावा म्हणजे त्या ताणून स्थिर होतील. तुमच्या बेसवर वर्षानुवर्षं मुरलेल्या फ्लॅटवाउंड तारा असतील तर त्या काढून पुडीत ठेवा. त्या आवडणारा माणूस त्यांच्यासाठी वेगळे पैसे देतो, न आवडणाऱ्याला मात्र बेस आजारी वाटतो.

मानेचा बाक बघायला जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी, एखाद्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, बाक सांभाळणारी सळई) आवळायचा, एका वेळी पाव फेरा, पुन्हा तारा सुरात लावायच्या आणि मग परत मोजायचं. अडला तर जोर लावू नका. १७ व्या फ्रेटवर तारांची उंची जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिलिमीटर ठेवली की बहुतेकांना हात लावताच बरं वाटतं. तुम्हाला याहून खाली आवडत असेल तरी विकताना थोडी वरच ठेवा. जोराने वाजवणाऱ्या माणसाला खाली ठेवलेली तार फ्रेटवर आपटताना ऐकू येते आणि तो दोष मानेला देतो. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर नेमका लागणं) शेवटी: १२ व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि त्याच जागी दाबलेला सूर एक यायला हवेत.

एका गोष्टीची तयारी ठेवा. बोल्टने जोडलेल्या लांब मानेच्या बेसवर बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान कुठेतरी सूर लवकर विझतो. याला डेड स्पॉट म्हणतात. मानेच्या स्वतःच्या कंपनाशी त्या सुराचा मेळ बसतो आणि तारेतली ऊर्जा मान खाऊन टाकते. जाणकार गिऱ्हाईक हे मुद्दाम तपासतं. एकदा एक मुलगा बेस पाहायला आला. ॲम्प लावायच्या आधी त्याने वरच्या शिंगाला कान टेकवला आणि बारीक तार एकेक फ्रेट वर सरकत वाजवली. सहाव्या फ्रेटवर थांबला, पुन्हा वाजवली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘हो, तिथे आहे. किती आहे ते पाचव्यावर वाजवून ताडून बघ.’ त्याने बघितलं, मान हलवली आणि बेस घेऊन गेला. मी तेव्हा ‘कुठे? मला तर काही ऐकू येत नाही’ म्हटलं असतं तर त्याने ट्रस रॉडपासून सगळ्यावर संशय घेतला असता.

जाहिरातीचा मजकूर हा याच वागण्याचा पुढचा भाग. पहिल्या ओळीत मॉडेलचं पूर्ण नाव आणि निर्मितीचं वर्ष. भागांची नावं त्यानंतर. खर्चाची बेरीज कुठेही लिहू नका, त्याने वाचणाऱ्याला वाटतं की आपल्याला दुसऱ्याचं बिल भरायला सांगतायत. तुम्ही मूळ रूपात विकणार असाल तर मी साधारण असं लिहीन:

‘(मॉडेलचं पूर्ण नाव, वर्ष), पी-जे बेस, पहिल्याच मालकाकडून. सध्या पिकअप, पॉट, ब्रिज आणि ट्यूनर कंपनीचे मूळ आहेत. मध्यंतरी दुसरे बसवले होते, ते काढून मूळ परत लावले आहेत, त्यामुळे आतलं सोल्डर नवं आहे. नट हाडाचा, बदललेला. डोक्यामागे काढलेल्या ट्यूनरच्या स्क्रूंची चार बारीक छिद्रं दिसतात, फोटो क्रमांक ७. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो. बारीक तारेच्या सहाव्या फ्रेटवर सूर थोडा लवकर विझतो. वजन ४.१ किलो.’

‘सोल्डर नवं आहे’ हे आपणहून का सांगायचं? कारण घेणारा कधीतरी पिकगार्ड उघडणारच आहे. तेव्हा त्याला ते दिसलं आणि तुम्ही सांगितलेलं नसलं, तर बाकीचं सगळं खरं असूनही तुम्ही खोटे ठरता. मान किंवा बॉडी दुसऱ्या बेसची असेल तर ते पहिल्या दोन ओळींत आलंच पाहिजे. डोक्यावरच्या नावावरून माणूस किंमत ठरवतो, आणि ते नाव दुसऱ्या मानेसोबत आलेलं असेल तर तो सरळ फसवणुकीचा प्रकार होतो.

वजन हमखास विचारलं जातं, कारण तो खांद्याचा प्रश्न आहे. घरातल्या काट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग बेस घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. नटपाशी मानेची रुंदीही लिहा. पी पद्धतीची मान तिथे साधारण ४१ ते ४२ मिलिमीटर असते, जे पद्धतीची ३८, आणि पी-जे बेसवर दोन्ही आढळतात. लहान हाताचा माणूस तेवढ्या एका आकड्यावरून निर्णय घेतो. हलके ट्यूनर काढून जड मूळ ट्यूनर लावल्यावर पट्ट्यावर डोकं खाली झुकतंय का तेही तपासा. झुकत असेल तर हे एकच कारण ट्यूनर तसेच ठेवायला पुरेसं आहे. डोकं खाली जाणारा बेस दुकानात पाच मिनिटं वाजवून लोक परत ठेवतात.

फोटो दिवसाउजेडी, खिडकीपाशी काढा, फ्लॅश नको. समोरून आणि मागून पूर्ण, डोकं दोन्ही बाजूंनी, अनुक्रमांक, मानेचा जोड, फ्रेट तिरप्या उजेडात, आणि प्रत्येक टवका बोट शेजारी ठेवून, म्हणजे त्याचं माप कळतं. आत काही बदललं असेल तर पिकगार्ड उलटा करून वायरिंगचा एक फोटो द्या. नीटनेटकं सोल्डर दिसलं की माझ्यासारख्या माणसाचे निम्मे प्रश्न संपतात. आवाजाचा एक मिनिटाचा तुकडा जोडा: थेट रेकॉर्डिंगच्या इंटरफेसमध्ये, कोणताही परिणाम न लावता, तीच धून एकदा फक्त पी वर, एकदा फक्त जे वर, एकदा दोन्हींवर, आणि शेवटी टोन पूर्ण बंद करून. कसब दाखवायला जाऊ नका, मोकळ्या तारा आणि सावकाश सूर पुरेसे आहेत.

किमतीत घासाघीस होणारच, म्हणून लावलेली किंमत आणि मनातली किंमत यांत थोडं अंतर ठेवा, पण १५ टक्क्यांहून जास्त नको. फार वर लावलेला बेस लोक उघडूनही बघत नाहीत. भाग सुटे विकत असाल तर बेस आधी विका आणि भाग नंतर. पुष्कळदा बेस घ्यायला आलेलाच विचारतो, ‘ते पिकअप अजून आहेत का?’ आणि दोन्ही एकदम जातात, तेही सुट्याच्या भावाने. बघायला येणाऱ्याला निवांत वाजवू द्या, आपण मध्ये बोलू नका. न बघता जास्त पैसे पाठवतो, फरक दुसऱ्या कोणाला द्या, असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा.

लांब पाठवायचा असेल तर पेटीपेक्षा पेटीच्या आतली हालचाल जास्त धोक्याची असते. बॅटरी काढा. तारा एक-दोन सूर उतरवा; अगदी सैल सोडल्या तर ट्रस रॉडचा ताण एकटाच मानेवर राहतो. डोक्याखाली आणि मानेच्या टाचेखाली फोम भरा, म्हणजे पेटी पडली तर झटका मानेला बसत नाही. तारा आणि फ्रेटच्या मध्ये जाड कागद सरकवा. मग पेटी दुसऱ्या खोक्यात, आणि हलवून बघा, आत काही सरकल्याचं जाणवायला नको. बोल्टची मान काढून पाठवली तर खोकं आखूड होतं आणि वाहतूक स्वस्त पडते, पण घेणाऱ्याला ती परत बसवता येते का ते आधी विचारा.

देशाबाहेर जात असेल तर फिंगरबोर्डचं लाकूड कोणतं ते पक्कं माहीत हवं. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया प्रजातीच्या सगळ्या रोजवुडवर साइट्स कराराचे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचे) निर्बंध आले होते आणि सीमा ओलांडताना परवाना लागायचा. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवुड मात्र १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट नाही. तुमच्या वयाच्या, मधल्या किमतीच्या बेसवर ते असण्याची शक्यता नगण्य आहे, पण कागदावर नुसतं ‘रोजवुड’ लिहिलं तर तपासणीत प्रश्न येऊ शकतो. जात माहीत असेल तर जात लिहा.

पैसे हातात आले की बेससोबत एक पिशवी द्या: ट्रस रॉडची आणि ब्रिजच्या स्क्रूंची ॲलन की, उरलेले स्क्रू, जुना प्लास्टिकचा नट असेल तर तो, काढलेल्या तारा, आणि एका कागदावर तुम्ही केलेल्या सेटअपची मापं व तारांचा संच. प्रीॲम्प ठेवलाच असेल तर बॅटरी कोणत्या तारखेला बदलली ते झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहा, आणि केबल जॅकमध्ये राहिली तर बॅटरी उतरत राहते, हे घेणाऱ्याला तोंडी सांगा. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात येणारी ‘बेस बंद पडला’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच टळते.